उसाच्या मुलखातील गवती पोपट

दाट झाडीऐवजी उघड्या माळावर वावरणारे, फळांपेक्षा गवताच्या बियांवर जगणारे आणि त्या बिया वेचण्यासाठी दिवसाचा बराच वेळ जमिनीवर काढणारे ऑस्ट्रेलियातील लहान चणीचे पोपट पक्षिपालकांच्या व्यवहारात ‘ग्रास पॅराकीट’, म्हणजे गवती पोपट, या नावाने ओळखले जातात. काटेकोर अर्थाने हे नाव निओफेमा या प्रजातीतील सहा जातींना आणि त्यांच्या जवळच्या बोर्क पॅराकीटला लागू पडते. सैल अर्थाने त्यात बजरीगरचाही समावेश होतो, जो आपल्याकडच्या बाजारात सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जातो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले असून त्यांचा या पक्ष्यांशी काही संबंध नाही. वर्गीकरणाच्या दृष्टीने बजरीगरही या गटात थोडा उपराच आहे, कारण जनुकीय अभ्यासांनुसार त्याचे सर्वांत जवळचे नाते मधुरस पिणाऱ्या लोरी पोपटांशी निघाले. निओफेमांचे नाते मात्र ऑस्ट्रेलियातील दुर्मिळ भूपोपट आणि निशापोपट यांच्याशी जुळते. तरीही रखरखीत प्रदेश, गवताचे बी आणि पावसावर बेतलेली वीण या तीन गोष्टी दोघांना समान असल्यामुळे, पाळण्याच्या विचारात त्यांना एकत्र धरणे सोयीचे ठरते.

या पक्ष्यांच्या मायभूमीहून अधिक वेगळी भूमी शोधायची झाली, तर सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील चलथाण हे तिचे चांगले उदाहरण ठरेल. सुरत शहराच्या आग्नेयेला, मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर कडोदऱ्याला लागून असलेले हे गाव सहकारी साखर कारखान्यामुळे दक्षिण गुजरातभर परिचित आहे. उधना-जळगाव लोहमार्गावरचे ते एक स्थानक आहे, आणि हाच मार्ग पुढे बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार करत खानदेशात उतरतो. सुरतेच्या कापड उद्योगात आलेल्या खानदेशी कुटुंबांची ये-जा, तसेच ऊसतोडीच्या हंगामात डांग-नंदुरबारकडून येणाऱ्या टोळ्यांची ये-जा बऱ्याच अंशी याच वाटेने होत आली आहे, त्यामुळे या पट्ट्यात मराठी आणि अहिराणी कानावर पडणे नवलाचे नाही. पक्षिपालनाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळीच आहे. सुरत परिसरात वर्षाला साधारण बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. भोवती पाटपाण्यावरचा ऊस असल्याने जमीन एरवीही ओल धरून असते. समुद्र जवळ असल्याने हवा दमट, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या घरात. बोर्क पॅराकीट आणि लाल छातीचा स्प्लेंडिड पॅराकीट ज्या अंतर्भागात राहतात, तिथे वर्षभरात अडीचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी ते साल चांगले गेले असे समजतात.

पावसाच्या प्रमाणातील हा फरक वरवरचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या पट्ट्यात पाऊस ठरावीक महिन्यात येईलच असे नसते. तो आला की काही आठवड्यांत गवत उगवते, फुलते आणि दाणे धरते, आणि भटके थवे त्या दाण्यांच्या मागावर शेकडो किलोमीटर उडत येऊन तिथेच वीण घालतात. बजरीगरमध्ये ही क्षमता इतकी पक्की झाली आहे, की खाद्य आणि पाणी मुबलक असेपर्यंत तो एकामागून एक पिल्ले काढत राहतो. निओफेमा आणि बोर्क प्रामुख्याने तिथल्या वसंतात, साधारण ऑगस्ट ते डिसेंबर या काळात, वीण करतात, पण आडवेळी चांगला पाऊस झाल्यास तीही संधी सोडत नाहीत. थोडक्यात, त्यांच्या शरीराला पाऊस म्हणजे सुगीची चाहूल. चलथाणच्या हवेत मात्र हाच पाऊस दाण्याला बुरशी, जमिनीला जंत आणि पिल्लांच्या घरट्याला कोंदट ओल घेऊन येतो. म्हणून इथल्या पालकाला पक्ष्याच्या अंतःप्रेरणेविरुद्ध जाऊन पावसाळ्यात वीण बंद ठेवावी लागते आणि ऑक्टोबर ते मार्च या कोरड्या, सौम्य महिन्यांत ती सुरू करावी लागते. गवती पोपट पाळण्याचे शास्त्र या प्रदेशात बहुतांशी या उलटापालटीचे शास्त्र आहे, आणि युरोपातील पुस्तके वाचून त्यातले वेळापत्रक जसेच्या तसे उचलणाऱ्याला ते पहिल्याच श्रावणात कळते.

युरोपातील त्या पुस्तकांची परंपरा जुनी आहे. बजरीगरचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज शॉ यांनी १८०५ साली केले, परंतु तो जिवंत स्वरूपात इंग्लंडात पोहोचला १८४० साली, पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड ऑस्ट्रेलियाचा दौरा आटोपून परतले तेव्हा. पुढल्या काही दशकांत बेल्जियम, हॉलंड आणि जर्मनीतील पालकांनी त्याची पैदास इतकी वाढवली, की रानातून पकडून आणण्याची गरज उरली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिवळे आणि निळे बजरीगर जन्मले आणि १९२५ साली इंग्लंडात केवळ या एका पक्ष्यासाठी मंडळ स्थापन झाले. गवती पोपटांपैकी बोर्क आणि स्प्लेंडिड यांची शास्त्रीय नावे गूल्ड यांनीच १८४१ साली दिली, तर निओफेमा ही प्रजाती इटालियन पक्षितज्ज्ञ साल्वादोरी यांनी १८९१ मध्ये प्रस्थापित केली. ऑस्ट्रेलियाने आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात १९६०च्या सुमारास बंद केली. त्यामुळे आज भारतात जे गवती पोपट दिसतात ते मूळ रानातले नसून पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेल्यांचे वंशज असतात. मात्र पिढ्या कितीही उलटल्या तरी जमिनीवर उतरून चरण्याची सवय, संधिप्रकाशात चळवळे होणे आणि रात्री दचकणे या गोष्टी त्यांच्यातून गेलेल्या नाहीत.

पाळण्यासाठी बोर्क हा या गटातील सर्वांत सोशिक पक्षी मानला जातो. लांबी जेमतेम १९ सेंटिमीटर, रंग मातकट तपकिरी, पोटावर गुलाबी झाक आणि पंखांत निळी कड. आवाज इतका मृदू की शेजाऱ्यांच्या तक्रारीचा प्रश्न येत नाही. इतर पोपट दुपारी गोंगाट करतात तेव्हा हा गप्प बसून असतो आणि उजाडण्यापूर्वी व दिवस मावळल्यावर उडू लागतो, कारण रानात तो पाणवठ्यावर याच वेळी जातो. टरक्वायझिन या निओफेमा जातीचा नर दिसायला देखणा, चेहरा निळाशार आणि खांद्यावर तांबूस पट्टा असलेला, पण स्वभावाने भांडखोर असतो. शेजारच्या खणात दुसरा निओफेमा नर नुसता दिसला तरी जाळीला धडका मारतो, म्हणून दोन खणांमध्ये दुहेरी जाळी लावून मध्ये काही सेंटिमीटरांची फट ठेवावी लागते. स्प्लेंडिडचा नर निळा चेहरा, लाल छाती आणि पिवळे पोट यांमुळे साऱ्या गटात उठून दिसतो, मादीला मात्र ती लाल छाती नसते. एलिगंट पॅराकीट थोडा मोठा, सुमारे २३ सेंटिमीटरचा.

या जातींसाठी पिंजरा नव्हे, तर एव्हिअरी लागते. एव्हिअरी म्हणजे ज्यात माणूस उभा राहून वावरू शकतो आणि पक्षी सरळ रेषेत उडू शकतो असे जाळीचे पक्षिघर. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. एका जोडीसाठी तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच खण हे मोजमाप जगभर चांगले मानले जाते. जाळीचे छिद्र अर्ध्या इंचाहून मोठे नसावे, कारण त्याहून मोठ्यातून उंदराची पिल्ले सहज शिरतात, आणि उसाच्या शिवारात उंदीर व त्यांच्यामागे येणारे साप हा नेहमीचा त्रास आहे. पायाची भिंत वीटभर तरी जमिनीत जायला हवी, अन्यथा घुशी बीळ काढून आत येतात. प्रवेशाला दोन दारांची चौकट असावी, एक लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. हे नवख्यांना बावळटपणाचे वाटते, पण निसटलेला गवती पोपट परत हाती लागत नाही. या सगळ्यापेक्षा चलथाणच्या दृष्टीने निर्णायक आहे ते छप्पर. ब्रिटिश पुस्तकांत अर्धे छप्पर उघडे ठेवावे असे लिहिलेले असते, जेणेकरून पक्ष्यांना पावसात न्हाता येईल. दक्षिण गुजरातेत नैर्ऋत्येकडून तिरप्या येणाऱ्या सरींपुढे हा सल्ला निरुपयोगी ठरतो. येथे छप्पर पूर्ण झाकून, पश्चिम व नैर्ऋत्य बाजू भिंतीने बंद करून, पूर्वेकडून कोवळे ऊन आत येईल अशी मांडणी करणे शहाणपणाचे आहे. उन्हाशिवाय चालत नाही, कारण त्वचेतील ड जीवनसत्त्व त्याच्याकडूनच मिळते आणि अंड्याच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम त्याच्याविना अंगी लागत नाही. उन्हाळ्यात छपरावर गवताच्या पेंढ्या किंवा पांढरा चुना, आणि दुपारी बारीक फवारा एवढ्याने आतील तापमान काही अंशांनी उतरते. पंख अंगापासून दूर धरून उघड्या चोचीने धापा टाकणारा पक्षी उष्माघाताच्या उंबरठ्यावर असतो.

जमीन सिमेंटची, उताराची आणि रोज धुता येईल अशी हवी, याचे कारण सौंदर्यदृष्टी नसून जंत आहे. गवती पोपट दाणा खाली सांडून जमिनीवरून वेचतो, तिथेच विष्ठा पडते, आणि विष्ठेतून बाहेर आलेली गोल जंतांची अंडी ओलसर जागी काही आठवड्यांत संसर्गक्षम होऊन पुन्हा दाण्याबरोबर पोटात जातात. इतक्या लहान पक्ष्याच्या आतड्यात मोजके जंत वाढले तरी ते आतडे बंद पाडतात, आणि वरकरणी धडधाकट दिसणारा पक्षी सकाळी मेलेला आढळतो. मातीची जमीन, शोभेसाठी लावलेली हिरवळ आणि पावसाचे शिंतोडे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की जंतांना याहून अनुकूल काही मिळत नाही. म्हणून अनुभवी पालक पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पशुवैद्याकडून विष्ठा तपासून घेऊन, त्यांच्याच सल्ल्याने मात्रा ठरवून जंतनाशक देतात. ही औषधे मिलिग्रॅमच्या हिशेबात जीव वाचवतात वा घेतात, आणि चाळीस-पन्नास ग्रॅम वजनाच्या पक्ष्याच्या बाबतीत ‘अंदाजे थेंबभर’ ही पद्धत घातक असते.

खाद्याच्या बाबतीत मात्र हा प्रदेश समृद्ध आहे. बाजारात कांगणी म्हणून मिळणारे राळे, बाजरी, वरी आणि कॅनरी सीड यांचे मिश्रण हा मुख्य आहार. सूर्यफुलाचे बी थंडीत चिमूटभर, एरवी टाळलेलेच बरे, कारण त्याच्या तेलाने एव्हिअरीतील पक्षी लठ्ठ होतो आणि लठ्ठ मादीला अंडी घालणे जड जाते. मोड आलेले मूग, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, लसूणघास आणि हिरव्या दाण्याची कणसे यांचा अंतर्भाव असावा. गवताच्या अर्धपक्व बियांना या पक्ष्यांच्या लेखी विशेष स्थान आहे, कारण रानात पिल्लांना भरवण्याचे दिवस आणि गवत दुधात असण्याचे दिवस एकच असतात. हरळी, सावा यांच्या ओंब्या इथे बांधाबांधावर फुकट मिळतात, परंतु उसाच्या बांधावरून त्या कापून आणणे धोक्याचे आहे. उसात तणासाठी ॲट्राझीन, टू-फोर-डी यांसारखी रसायने फवारली जातात आणि फवारणी कधी झाली हे गवताकडे पाहून सांगता येत नाही. एव्हिअरीलगत दोन वाफ्यांत राळे पेरून कणसे दुधात असताना द्यावीत, हा याहून बरा मार्ग. कवचासाठी समुद्रफेन, तसेच उकळून वाळवलेल्या अंड्याच्या टरफलांची पूड पुरते. दाणा मात्र पत्र्याच्या झाकणबंद डब्यात, आणि पावसाळ्यात थोडा थोडाच भरावा. दमट दाण्यावर वाढणाऱ्या बुरशीचे विष यकृतावर हल्ला करते आणि ते वासावरून कळेलच असे नाही.

बजरीगरसाठी आपल्याकडे बाजूला भोक पाडलेली मातीची मडकी टांगायची पद्धत आहे आणि उन्हाळी हवेत ती लाकडाहून थंड राहत असल्याने वाईट नाही, फक्त ती धुवायला आणि आतली पिल्ले पाहायला अवघड. गवती पोपटांना उभट लाकडी पेटी लागते: तळ साधारण पंधरा सेंटिमीटर चौरस, खोली तीस सेंटिमीटरच्या आसपास, वर पाच सेंटिमीटर व्यासाचे भोक, आत उतरण्यासाठी शिडीसारखी जाळीची पट्टी आणि तळाशी लाकडाच्या भुशाचा दोन बोटे थर. मादी एक दिवसाआड एक अशी चार ते पाच अंडी घालते आणि बहुधा पहिल्या-दुसऱ्या अंड्यानंतरच उबवायला बसते. म्हणून पहिले पिल्लू बाहेर येते तेव्हा शेवटचे अंडे अजून फुटायचे असते. एकाच घरट्यात थोरले आणि धाकटे यांच्यात आठवड्याचे अंतर पडते, आणि दाणा कमी पडला तर बळी जातो तो धाकट्याचा. उबवणीला अठरा-एकोणीस दिवस लागतात. त्या काळात मादी बाहेर क्वचितच पडते आणि नर तिला भरवतो. पिल्ले सुमारे चार ते पाच आठवड्यांची झाली की पेटी सोडतात, आणि त्यानंतर आठ-दहा दिवस बाप त्यांना चारतो. याच आठ-दहा दिवसांत सर्वाधिक पिल्ले दगावतात. पेटीबाहेर पडलेले निओफेमाचे पिल्लू गोळीसारखे सुटते आणि जाळी न दिसल्याने मान मोडून घेते. त्यावर उपाय म्हणून खणाच्या दूरच्या टोकाला डहाळ्या किंवा गोणपाट टांगून तो अडथळा डोळ्यांना दिसेल असा करतात.

दिवाळी आणि वीण यांची गाठ याच ठिकाणी पडते. पेट्या टांगायला ऑक्टोबर योग्य, पण त्यानंतर लगेचच फटाके सुरू होतात, आणि रात्री स्फोट झाला की हे पक्षी अंधारात धडपडत उठून जाळीवर आदळतात. उबवणारी मादी बाहेर पडली तर अंधारात तिला परत पेटी सापडत नाही आणि सकाळपर्यंत अंडी थंड होतात. मंद रात्रदिवा लावला तर हा प्रकार बराच कमी होतो. तरीही पेट्या सणानंतरच्या आठवड्यात टांगाव्यात; पंधरा दिवसांचा उशीर परवडतो, विस्कटलेली पहिली वीण परवडत नाही. १४ जानेवारीच्या उत्तरायणाला सुरतेचे आकाश मांज्याने भरते. तो धोका खणात बसलेल्या पक्ष्याला नसतो, निसटलेल्याला असतो.

पैदास करणाऱ्यांचे सर्वाधिक लक्ष रंगांकडे असते, आणि इथे थोडे आनुवंशशास्त्र अटळ ठरते. पक्ष्यांमध्ये नराची लिंगगुणसूत्रे सारखी असतात व मादीची वेगळी, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या उलट. बोर्कमधील ‘रोझी’ हा गुलाबी प्रकार लिंगगुणसूत्रावर बसलेल्या आणि अप्रभावी, म्हणजे दुसऱ्या प्रतीखाली झाकल्या जाणाऱ्या, जनुकामुळे होतो. रोझी नर आणि साधी मादी यांची जोडी लावली तर सगळ्या माद्या रोझी निघतात, आणि सगळे नर दिसायला साधे पण ते जनुक बाळगणारे, ज्यांना पालक ‘स्प्लिट’ म्हणतात. उलट जोडी लावली, रोझी मादी आणि साधा नर, तर पहिल्या पिढीत एकही रोझी दिसत नाही. या नियमाचा एक व्यावहारिक फायदा असा, की पहिल्या प्रकारच्या जोडीत पिल्लाचा रंग पाहताच त्याचे लिंग कळते. बजरीगरचा निळा रंग याहून निराळा, दोन्ही पालकांकडून जनुक आल्याशिवाय न प्रकटणारा. म्हणून निळी पिल्ले हवी असणारे भावंडांत जोड्या लावतात आणि तिथेच वंश कमकुवत होऊ लागतो. रंगाच्या मागे लागून आकार, पिसारा आणि पिल्ले सांभाळण्याची वृत्ती गमावलेल्या पक्ष्यांची बाजारात वाण नाही. खरेदी करणाऱ्याने रंगाआधी पैदाशीची वही मागावी. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत पायात चढवलेले बंद कडे, ज्यावर वर्ष आणि क्रमांक कोरलेला असतो, त्याच्याशी ती वही जुळली पाहिजे. कडे नंतर चढवता येत नाही, कारण पंजा वाढलेला असतो. याचाच अर्थ असा, की बंद कडे हा पक्षी माणसाच्या हाताखाली जन्मल्याचा पुरावा आहे.

दोन रोगांचा उल्लेख आवश्यक आहे. सिटॅकोसिस हा पोपटांकडून माणसाला होणारा फुप्फुसांचा जिवाणूजन्य आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पसरतो, आणि १९२९-३० साली त्याची साथ अनेक देशांत पसरल्यावर पोपटांच्या आयातीवर ठिकठिकाणी बंदी आली होती. म्हणून एव्हिअरी कोरडी झाडायची नाही, पाणी शिंपडून पुसायची. दुसरी आठवण चलथाणच्या लोहमार्गाला अधिक जवळची आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत आढळला आणि तिथे व लगतच्या उच्छल तालुक्यात, जो तेव्हा सुरत जिल्ह्यात होता, लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. गवती पोपटांचा त्या साथीशी संबंध नव्हता, पण कोंबड्यांच्या केंद्रावरून येणारा माणूस, टोपली किंवा दाण्याचे पोते एव्हिअरीत येऊ न देणे आणि नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेवणे हे नियम या पट्ट्यात पुस्तकी सावधगिरी म्हणून सोडून देण्याजोगे नाहीत.

कायद्याच्या बाजूने पाहता हा छंद विचित्र जागी उभा आहे. भारतीय पोपट, म्हणजे गळ्यावर गुलाबी रेघ असलेला साधा राघूसुद्धा, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार पाळता वा विकता येत नाही. १९९१च्या दुरुस्तीने देशी वन्य पक्ष्यांचा व्यापार सरसकट थांबवला. विदेशी जातींचा मात्र त्यात उल्लेख नव्हता, आणि त्यामुळे वर्षानुवर्षे एक पोकळी राहिली, जिच्यात परदेशी पक्ष्यांची बाजारपेठ वाढली. वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ करारात बहुतेक सर्व पोपट १९८१ पासून दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याने व्यापार करण्याच्या यादीत आहेत. त्यातून बजरीगर, कॉकटिल, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि आपला राघू हे चार वगळलेले आहेत. जगाने ज्या राघूला मोकळा सोडला तो भारतात पाळणे गुन्हा, आणि जगाने ज्या बोर्कवर देखरेख ठेवली तो इथे दुकानात मिळतो, असा हा उलटा हिशेब आहे. तो काही अंशी सरळ झाला २०२२च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली: साइटिसच्या याद्या अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि २०२४ साली निघालेल्या नियमांनुसार त्या यादीतील जिवंत प्राण्यांची मालकी, जन्म, मृत्यू आणि हस्तांतरण ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदवणे बंधनकारक झाले. म्हणजे बजरीगरची शंभर पिल्ले काढणाऱ्याला नोंद करावी लागत नाही, पण बोर्कच्या एका जोडीला करावी लागते.

सुरतेला या प्रश्नात आणखी एक स्थान आहे. शहरात जप्त केलेल्या पिंजऱ्यातील पक्ष्यांचा ताबा परत मिळावा यासाठी झालेल्या याचिकेवर गुजरात उच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये निकाल दिला. पक्ष्यांना पिंजऱ्यात ठेवणे ही त्यांची बेकायदा कैद आहे, मोकळ्या आकाशात जगणे हा त्यांचा हक्क आहे, असे त्यात म्हटले आणि पक्षी परत न देता सोडून देण्याचा आदेश झाला. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही याच दिशेने मत व्यक्त केले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा अधिनियमही ज्या पिंजऱ्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही तो पिंजरा गुन्हा ठरवतो. पंख पसरता न येणाऱ्या जाळीच्या डब्यांत बजरीगर कोंबून विकणाऱ्या दुकानांना हे सगळे शब्दशः लागू पडते, आणि पडायलाच हवे. तीन मीटर लांबीच्या खणाबाबत मतभेदाला जागा आहे.

पण ‘सोडून द्या’ हा आदेश ऑस्ट्रेलियन पक्ष्याला लावला, की अडचण उभी राहते. सुरतेत आजारी आणि म्हाताऱ्या जनावरांसाठी जैन-वैष्णव वणिकांनी चालवलेल्या रुग्णालयाची नोंद अठराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी केली आहे, आणि पारध्याकडून पक्षी विकत घेऊन सोडण्याची पुण्यकल्पना गुजरातेत आजही जिवंत आहे. तितर किंवा राघू सोडला तर तो जगू शकतो. चलथाणच्या उसात सोडलेला रोझी बोर्क मात्र पहिल्याच दिवशी शिकरा, कावळा किंवा मांजराच्या तोंडी जातो, आणि तसा गेला नाही तरी कोणते दाणे खायचे हे शिकवणारा थवा त्याला मिळत नाही. पिंजऱ्याबाहेर काढणे आणि जगवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे ऑस्ट्रेलियात नारिंगी पोटाच्या गवती पोपटाने दाखवून दिले. टास्मानियाच्या नैर्ऋत्येला मेलालुका येथे वीण करून हिवाळ्यात बास सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या या निओफेमाची रानातली संख्या २०१६च्या सुमारास वीसच्याही खाली गेली होती. १९८०च्या दशकापासून चालू असलेल्या बंदिस्त पैदाशीतून दर हंगामात पक्षी सोडत गेल्यावर अलीकडे मेलालुकाला परतणाऱ्यांचा आकडा सत्तरच्या पुढे गेला. त्यासाठी त्याच भूमीत, त्याच गवतात, वर्षानुवर्षे खाद्यपात्रे आणि पेट्या ठेवून, सोडण्याआधी रोगचाचण्या करून काम करावे लागले. छंदाच्या एव्हिअरीला हा मार्ग उपलब्ध नाही आणि तो असल्याचा दावा करणारे पालक स्वतःचीच समजूत घालत असतात.

तेव्हा चलथाणसारख्या ठिकाणी खरा प्रश्न ‘पाळावे की सोडावे’ हा नसून ‘किती जन्माला घालावे’ हा आहे, आणि त्याचे उत्तर पालकाच्याच हाती असते. पेटी टांगली नाही तर गवती पोपट सहसा वीण करत नाही. ज्याच्या खणांत तीन जोड्या आहेत, त्याने दोन विणींत प्रत्येकी चार पिल्ले धरली तरी एका हंगामात चोवीस पक्षी होतात, ज्यांना तितक्याच लांबीची जागा लागते. म्हणून दुसरी वीण झाली की पेट्या उतरवून, उकळत्या पाण्याने धुऊन, मे महिन्याच्या उन्हात वाळवून पुढल्या हंगामासाठी ठेवायच्या; जागा नसेल तर तिसऱ्या जोडीची पेटी ऑक्टोबरातही टांगायची नाही; आणि पावसाळ्यात नर कितीही गाऊ लागला, मादी रिकाम्या कोपऱ्यात अंडे घालायला जागा शोधू लागली, तरी चलथाणच्या पावसात तिला पेटी द्यायची नाही.